नातवाचं लाइव्ह आणि माझं सारांशलेखन

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मी एक कॉम्प्युटर जुळवला. 'जुळवला' हाच शब्द बरोबर आहे. विकत घेतला म्हणावं, तर त्याचे भाग चार दुकानांतून आले; बनवला म्हणावं, तर स्क्रू पिळण्याचं काम नातवाने केलं. माझ्याकडे वही, लाल पेन आणि पेन्शन अशी तीन खाती होती. आणि हा कॉम्प्युटर खेळण्यासाठी नाहीच. दुसऱ्या यंत्रावर चाललेला खेळ लोकांना घरबसल्या दाखवण्यासाठी आहे. "या वयात हे असलं काय करताय?" असं आतापर्यंत तिघांनी विचारून झालं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावं म्हटलं. शिवाय कोणाच्या घरात असाच हट्ट चालू असेल, तर त्यांचे चार पैसे वाचतील.

आधी नातोबांविषयी सांगते. अकरावीला आहे. बोलताना अडखळतो, अगदी लहानपणापासून. शब्दाच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो आणि आत पाऊल पडत नाही. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. वर्ग मोबाइलवर आला. कॅमेरा बंद, माइक बंद, हजेरीला नुसतं 'प्रेझेंट' टाइप करायचं. अडखळणाऱ्या मुलाला याहून सोयीचं काय असणार? पुढे शाळा उघडल्या, पण याचा माइक बंदच राहिला. घरातसुद्धा मान हलवून काम भागवायचा. मी चौतीस वर्षं मराठी शिकवलं, कितीतरी मुलांना वक्तृत्व स्पर्धेत उभं केलं, आणि माझ्याच घरातला एकुलता एक नातू 'हं' आणि 'अंहं' या दोन शब्दांवर दिवस काढत होता.

२०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डो कंपनीचा 'स्विच २' हा नवा कन्सोल बाजारात आला. अमेरिकेतल्या आमच्या दुसऱ्या नातवाने तो घेतला आणि त्याचा जुना स्विच लेकीच्या बॅगेतून, चॉकलेटांच्या पुड्यांमध्ये बसून, सांगलीला आला. सोबत 'द लेजंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हा २०१७ चा खेळ. खेळ म्हटल्यावर मला मारामारीच डोळ्यांसमोर आली होती. मारामारी त्यात आहेच, पण त्याहून जास्त भटकंती आहे. शंभर वर्षांच्या झोपेतून उठलेला एक तरुण, आणि समोर अफाट मुलूख. दिसेल तो डोंगर चढता येतो. पाऊस आला की कडा निसरडा होतो आणि हात सुटतात. रानातली फळं-मुळं गोळा करून रांधता येतात.

एका दुपारी मागच्या खोलीतून आवाज आला. "पावसात हा कडा चढायचा नाही. इथं आडोशाला बसू. तोवर मिरची घालून काहीतरी शिजवून घेऊ, कारण वर थंडी आहे." मला वाटलं, कोणी मित्र आलाय. डोकावले तर खोलीत तो एकटा. स्वतःशीच बोलत होता, आणि एकदाही अडखळत नव्हता. अडखळणारी माणसं एकटी असताना पुष्कळदा सहज बोलतात, हे मला शिक्षकीमुळे ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि दाराआड उभं राहून ऐकणं वेगळं.

आठवड्याभराने त्याने मला एका कागदावर लिहून दिलं, 'आजी, मला हे लाइव्ह करायचंय. मराठीतून.' बोलून नाही, लिहून!

आमचे चिरंजीव ऐकून गप्प झाले. मग रात्री मला म्हणाले, "आई, तो बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. पण तो बोलला आणि लोक हसले, तर काय करायचं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. मी एवढंच म्हटलं, "पैसे माझे. पंचवीस हजारांच्या वर एक रुपया जाणार नाही. पै-पैचा हिशेब तो ठेवेल."

स्विचमधून थेट प्रक्षेपण करायची सोय नाही. फार तर शेवटच्या तीस सेकंदांची चित्रफीत जपून ठेवता येते. मोबाइल टीव्हीसमोर धरून यूट्यूबवर लाइव्ह जावं, तर त्यासाठी आधी किमान ५० सबस्क्रायबर लागतात. ज्याला गप्पा मारायला दोन मित्र नाहीत, त्याने पन्नास कुठून आणायचे? कॉम्प्युटरवरून लाइव्ह जायला मात्र ही अट नाही. वयाची अट आहे. २२ जुलै २०२५ पासून एकट्याने लाइव्ह जायला सोळा वर्षं पूर्ण लागतात. त्याची झालेली होती. म्हणजे कॉम्प्युटर हवाच.

एका दुकानातून 'स्ट्रीमिंगचा कॉम्प्युटर' म्हणून कोटेशन आणलं. ७२,००० रुपये! त्यात महागडं ग्राफिक्स कार्ड, रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे, १६ जीबी रॅम, काचेची कॅबिनेट. मी नातवाला समोर बसवलं आणि म्हटलं, "हा उतारा समज. सारांश करायचाय. आधी सांग, उताऱ्याचा विषय काय?" तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "खेळ क... कन्सोल खेळणार. कॉम्प्युटर फक्त पाठवणार."

झालं की! विषय सापडला की अर्धा सारांश झालाच. खेळातले डोंगर, पाऊस, गवत रेखाटण्याचं सगळं कष्टाचं काम स्विच करतो. कॉम्प्युटरला ते चित्र आयतं मिळतं. मग चित्र रेखाटणारं महागडं ग्राफिक्स कार्ड कशाला? पहिली लाल रेघ तिथे मारली. दिव्यांचे पंखे, दुसरी रेघ. काच, तिसरी.

मग कॉम्प्युटरला नेमकं काम काय, ते वहीत गणित मांडून पाहिलं. टीव्हीला जोडलेला स्विच जास्तीत जास्त १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र देतो. म्हणजे एका चित्रात २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट. आमचा हा खेळ सेकंदाला तीस नवी चित्रं दाखवतो. गुणाकार केला तर एका सेकंदाला १८,६६,२४,००० बाइट, म्हणजे सुमारे १४९ कोटी बिट. आणि इंटरनेटवरून आम्ही पाठवतो सेकंदाला ६० लाख बिट. अडीचशे भागांतला एकच भाग पुढे जातो, तरीही बघणाऱ्याला डोंगर डोंगरासारखाच दिसतो!

हे कसं होतं, ते कळल्यावर मला फार मजा वाटली. यंत्र दर वेळी सगळं चित्र पाठवत नाही. दोन सेकंदांनी एकदा पूर्ण चित्र पाठवतं, आणि मधल्या काळात फक्त काय बदललं तेवढंच सांगतं. आकाश तसंच आहे? मग आकाशाबद्दल पुन्हा बोलायचं नाही. झाड दोन ठिपके डावीकडे सरकलं? तेवढंच कळवायचं. बारीकसारीक तपशील, जो डोळ्याला जाणवतच नाही, तो गाळायचा. याला एन्कोडिंग म्हणतात. आम्ही मुलांकडून उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश करून घ्यायचो आणि त्यातच त्यांच्या नाकी नऊ यायचे. हे यंत्र अडीचशेला एक या प्रमाणात, न थकता, तासन् तास करतं.

आता हा सारांश करणार कोण? दोन मार्ग आहेत. एक, मुख्य प्रोसेसरने स्वतः डोकं चालवून करायचा. त्याला दमदार प्रोसेसर लागतो. दुसरा, या कामापुरता वेगळा कारकून ठेवायचा. इंटेलने २०११ पासून आपल्या बहुतेक प्रोसेसरांत असा कारकून आतच बसवला आहे, त्याला 'क्विक सिंक' म्हणतात. तो प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सच्या भागात असतो. म्हणून घेताना नावाचं शेवटचं अक्षर बघायचं. २०१९ पासून 'एफ' अक्षराचे इंटेल प्रोसेसर मिळू लागले. ते थोडे स्वस्त असतात, पण त्यांत हा ग्राफिक्सचा भाग बंद असतो आणि त्याच्याबरोबर कारकूनही जातो. एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो, हे मराठीच्या शिक्षिकेला कोणी सांगायला नको.

आम्ही कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या कॉम्प्युटरांच्या दुकानात गेलो. तिथे आय-५ ८५०० हा २०१८ चा, सहा कोअरचा प्रोसेसर असलेला डबा मिळाला, ८ जीबी रॅमसकट, डिस्कशिवाय. सहाव्या-सातव्या पिढीचे डबे आणखी स्वस्त होते. पण विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासूनच चालतं. ज्याला विंडोज नको, लिनक्स चालेल, त्याने खुशाल जुना डबा घ्यावा. प्रक्षेपणाचं 'ओबीएस' हे सॉफ्टवेअर लिनक्सवरही चालतं. २०१२ साली आलेलं हे सॉफ्टवेअर पूर्ण मोफत आहे, पाण्याचा शिक्का वगैरे काही मारत नाही. आणि रॅमचं म्हणाल, तर ८ जीबीवर भागतं. इथे खेळ चालवायचाच नाहीये.

दुसरी महत्त्वाची वस्तू म्हणजे कॅप्चर कार्ड. खेळाचं चित्र कॉम्प्युटरमध्ये ओतणारं नळकांडंच म्हणा. स्विचच्या डॉकमधली एचडीएमआय वायर याच्यात, याच्यातून एक वायर टीव्हीला आणि एक यूएसबी कॉम्प्युटरला. हजाराच्या आत पेनड्राइव्हएवढं कार्ड मिळत होतं. पण पुन्हा वही उघडली. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८ कोटी बिट, आणि आपलं चित्र १४९ कोटींचं. मग ते स्वस्त कार्ड चित्र आधीच दाबून, थोडं बिघडवून आत सोडतं. म्हणजे सारांशाचा सारांश! यूएसबी ३.० ची क्षमता ५०० कोटी, तिथे अडचण नाही. दुसरं, त्या छोट्या कार्डाला टीव्हीकडे जाणारी वाटच नव्हती. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र किंचित उशिरा येतं. ते बघून खेळला असता तर नातोबा प्रत्येक कड्यावरून पडले असते. म्हणून टीव्हीला वेगळी वाट असलेलं यूएसबी ३.० चं कार्ड घेतलं. चार के वगैरे मोठ्या चित्राच्या कार्डांवर मात्र लाल रेघ. स्विच तेवढं मोठं चित्र देतच नाही. (ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ४ किंवा ५ आहे, त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन एचडीसीपी नावाचं कुलूप आधी उघडावं, नाहीतर काळा पडदा दिसतो.)

राहता राहिला माइक. नातू म्हणाला, मोबाइलच्या इअरफोनचा माइक चालेल, तेवढेच पैसे वाचतील. इथे मात्र मी लाल पेन बंद करून ठेवलं. इतक्या वस्तू गाळल्यावर मागे काय उरलं, हे त्याला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. डोंगर निन्टेन्डोचे, पाऊस निन्टेन्डोचा. नातवाचं त्यात काय, तर फक्त आवाज. खुद्द त्या कंपनीने २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये जे नियम जाहीर केले, त्यांतही असंच म्हटलं आहे, की खेळ दाखवायला हरकत नाही, पण त्यात तुमची स्वतःची भर, तुमचं निवेदन हवं. नुसती नक्कल चालणार नाही. म्हणजे ज्या गोष्टीची त्याला सगळ्यात जास्त भीती, तीच या सगळ्या खटाटोपाचं भाडं होती.

वहीतला हिशेब इथे उतरवते :

जुना डबा – ११,५००
नवी २५६ जीबीची एसएसडी – २,२००
जुना मॉनिटर – १,८००
कॅप्चर कार्ड – ३,२००
स्टँडसकट माइक – १,४००
यूपीएस – ३,०००
राउटरपर्यंतची १५ मीटर वायर – ४००
जास्तीची एचडीएमआय वायर – ३००
एकूण – २३,८००

कीबोर्ड आणि माउस माझे जुने. यूपीएस चैनीचा वाटेल, पण सांगलीत पावसाळी हवेत दिवे गेले की काय होतं ते आम्हाला माहीत आहे. आणि वाय-फायपेक्षा वायर बरी. सेकंदाला ६० लाख बिट म्हणजे फार नाही, तासाला २.७ जीबी, पण ओघ मध्ये तुटता कामा नये.

जोडणी झाल्यावर एक गंमत झाली. आवाज आधी आणि चित्र मागून येऊ लागलं. तो "पडलो!" म्हणायचा आणि लिंक नंतर पडायचा. कार्डातून चित्र यायला वेळ लागतो आणि माइक थेट पोचतो, म्हणून. ओबीएसमध्ये माइकला मुद्दाम थांबवून धरायची सोय आहे. नातवाने उडीचं बटण दाबत 'उडी' म्हणायचं, मी ध्वनिमुद्रण बघून मागे की पुढे ते सांगायचं, असं करत करत १८० मिलिसेकंदांवर दोन्ही जुळलं. त्या तासाभरात तो 'उडी' हा शब्द पन्नास वेळा तरी बोलला असेल. मोजलं नाही, पण मनात नोंद केली.

पहिलं लाइव्ह एका रविवारी चार वाजता. (यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह सुरू करायला चोवीस तास आधी परवानगी घ्यावी लागते, हे ध्यानात ठेवा.) मी स्वयंपाकघरात टॅब्लेट घेऊन बसले. पडद्यावर 'प्रेक्षक : १' असं आलं. तो एक म्हणजे मी. भिंतीपलीकडून त्याचा आवाज आला, "न... न... न... नमस्कार." आणि दहा-बारा सेकंदांनी तेच टॅब्लेटमधून पुन्हा आलं. चित्र पोचायला लागतो तेवढा उशीर. एकदा खोलीतून, एकदा यंत्रातून, असं त्याचं अडखळणं मी दोनदा ऐकलं. मग तो गप्प झाला. चार मिनिटं नुसता डोंगर चढत होता. मी घड्याळ बघत होते. चिरंजीव ओट्याशी उभे राहून चहाचा कप विसळत होते, एकच कप, कितीतरी वेळ.

मग खेळात पाऊस आला. लिंकचा हात सुटला, तो घसरला. आणि भिंतीपलीकडून आवाज आला, "ब... बघा. म्हटलं होतं ना. पावसात कडा चढायचा नसतो." आणि पुढे तो चाळीस मिनिटं बोलत राहिला. मध्ये मध्ये अडखळला. एकटा असताना बोलायचा तितकं सरळ आलं नाही. पण थांबला नाही.

आजवर अकरा लाइव्ह झाली. सगळ्यात जास्त प्रेक्षक एका वेळी नऊ. या आकड्यांवर कोणी श्रीमंत होत नाही. पाचव्या वेळी कोणीतरी लिहिलं, 'नीट बोल ना भाऊ.' मी टॅब्लेट घट्ट धरला. चिरंजीवांची भीती हीच होती. बारा सेकंदांनी काय येणार, ते आधी भिंतीपलीकडूनच ऐकू आलं. "नीटच ब... बोलतोय. थोडं हळू बोलतोय." आणि पुढचा कडा चढायला लागला.

त्याचं अडखळणं गेलं का? नाही. जाईल का? तो विषय वाचा-उपचार तज्ज्ञांचा आहे, आणि या जानेवारीपासून तो स्वतःहून त्यांच्याकडे जायला लागला आहे. कॉम्प्युटरने अडखळणं बरं केलं, असं मी म्हणणार नाही. त्याने एवढंच केलं, की याला बोलायला एक कारण दिलं आणि ऐकायला चार माणसं दिली. चिरंजीवांचं मत अजून बदललेलं नाही. 'बारावी सुरू झाली की हे बंद' असं ते म्हणतात. पण राउटरपासून मागच्या खोलीपर्यंतची वायर जमिनीवर पायात येत होती, ती परवा त्यांनी स्वतः खिळे ठोकून भिंतीला नीट लावून घेतली.

मी मात्र या वहीवरून एक शिकले. कमी पैशांत काम करायचं तर स्वस्त वस्तू शोधण्याआधी काम कोणतं ते शोधावं. ते नीट सापडलं की महागड्या गोष्टी आपोआप गळतात, आणि जे गाळायचं नाही तेही समोर येतं.

पंचवीस हजारांतले १,२०० रुपये उरले आहेत. माइकमध्ये डोक्यावरच्या पंख्याची घरघर येते म्हणून तो पंखा बंद करून बसतो. ओबीएसमध्ये असा गोंगाट गाळायची चाळणी आहे, पण ती फार घट्ट केली की शब्दांच्या कडाही जातात, आणि त्याच्या शब्दांतलं काही गाळायची माझी तयारी नाही. उन्हाळा तोंडावर आलाय. कमी आवाजाचा टेबल फॅन एवढ्यात मिळतो का, ते उद्या बाजारात बघून येते.